बटण, बटण, बटण!

लोक विचारतात, तुमच्या ग्रुपकडे एवढे किस्से येतात कुठून? अहो, आम्ही थोडेच आणतो! कुठल्यातरी एसी ऑफिसात कोणीतरी हुशार माणूस बसल्या बसल्या एखाद्या बटणाची जागा बदलतो, की रविवारी आमच्याकडे किस्सा तयार. पुढच्या आठवड्यात तो रंग बदलतो, आणखी एक तयार. ऐकणारे पोट धरून हसतात. हसोत बापडे. मी मात्र सांगताना हसत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

घाटकोपर पूर्वेला एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत आम्ही दर रविवारी बुद्धिबळ खेळतो. खाली डंबेल्स आपटत असतात, वर आम्ही. आम्ही म्हणजे दिसत नसलेले, किंवा जेमतेम दिसणारे. मी सुजाता. मुलुंडला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. जन्मापासून दिसत नाही. परबकाका बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. त्यांचे वडील मालवणहून गिरणीत कामाला आलेले, त्यामुळे काका चिडले की मालवणीत जातात. म्हणजे बहुतेक वेळ मालवणीतच असतात. शाहीन जोगेश्वरीची, कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते. तिला थोडं दिसतं, पण फोन नाकाला लावल्यावर. आणि बाबू, मढचा कोळी, पंचविशीतला. वडिलांबरोबर बोटीवर जायचा. मग नजर कमी होत गेली आणि संपली. आमच्यात सगळ्यात चांगला खेळतो तो बाबू. हे काकांसमोर बोलायचं नाही.

आमचा पट वेगळा असतो. प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी. काळी घरं जरा उंच, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक. बोटांनी चाचपायचं, चाल तोंडाने सांगायची. झकास चालतं. वर्षानुवर्षं चाललंय.

तर आमच्या अंध बुद्धिबळपटूंच्या राज्य संघटनेच्या डोक्यात आलं की यंदा राज्याची निवड स्पर्धा ऑनलाइन घ्यायची. कुठल्या प्रोग्रामवर? तर घाटकोपरच्या ग्रुपने दोन-चार वापरून बघावेत आणि कुठला बरा ते सांगावं! आम्ही खूश. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आधी विचारत होतं.

वाट लागली ती इथून.

*

काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "माका काय्येक ट्राय करूचा नाय. माझो आसा तोच बरो."

त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक जुनाट प्रोग्राम होता. चित्र नाही, रंग नाही, काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं. आपली चाल टाइप करायची, एंटर दाबायचं. तो त्याची चाल अक्षरात लिहायचा आणि कॉम्प्युटरमधलं बोलणारं सॉफ्टवेअर ती वाचून दाखवायचं. विषय संपला! काकी गेल्यापासून काका रोज दुपारी जेवण झालं की त्याच्याशी खेळायला बसायचे. त्याला मनसोक्त शिव्या घालायचे. तो ऐकून घ्यायचा आणि हरवायचा.

काकांचा मुलगा प्रसाद बोरिवलीला राहतो. मनाने चांगला आहे हो, काही वाईट नाही. त्याला कळलं की बाबा आता प्रोग्राम तपासणाऱ्या कमिटीवर आहेत. काका आमच्याकडे खेळायला आलेले असताना तो त्यांच्या घरी गेला आणि कामाला लागला. संध्याकाळी काका घरात शिरले तर हा एकदम आनंदात.

"बाबा, सरप्राइज! ते काळं भंगार उडवलं मी. आता थ्री-डी टाकलंय. लाकडी पट आहे, सोंगट्यांची सावली पडते. आणि हे बघा, माउसने सगळा पट गोल फिरतो!"

काका दारातच उभे राहिले.

"फिरता?" त्यांनी विचारलं. "कोणासाठी फिरता, मेल्या?"

प्रसादने नंतर तो जुना प्रोग्राम खूप शोधला. बनवणाऱ्याची साइटच बंद पडली होती. काका त्याच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत. आणि दुपारी काय करायचे, ते आम्ही विचारलं नाही.

*

आता फोनवरचे प्रोग्राम. एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या फोनमध्येही तेच बोलणारं सॉफ्टवेअर असतं. स्क्रीनवर बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते सांगतं. पण कधी? बनवणाऱ्याने त्या बटणाला नाव दिलं असेल तर! दिलं नसेल, तर ते बिचारं फक्त "बटण" म्हणतं. नाव द्यायला कितीसा वेळ लागतो? चहा गार होण्याच्या आत काम होतं. पण नाही.

आम्ही घेतलेला पहिला प्रोग्राम असाच होता. बोट फिरवलं की, बटण. बटण. बटण. बटण. शाहीनने त्याचं नाव ठेवलं "मुका."

मी जिद्दीला पेटले. प्रत्येक बटण दाबून बघितलं, कशाने काय होतं ते पाठ केलं. वरून तिसरं म्हणजे चाल मागे घ्या. चौथं म्हणजे घड्याळ. खालून दुसरं म्हणजे बरोबरी मागा. पाठांतर आम्हाला नवीन नाही. महिनाभरात मी मुक्यावर सरसर खेळायला लागले.

एका दुपारी पेशंट नव्हता. कुठल्यातरी परदेशी माणसाशी डाव लागला होता आणि मी हत्तीने पुढे होते. माझ्या हातून एक चाल चुकली, सराव डाव होता म्हणून ती मागे घ्यायला वरून तिसरं बटण दाबलं.

"आपण डाव सोडला आहे," फोन म्हणाला.

सकाळी अपडेट आलं होतं. बटणांचा क्रम बदलला होता! कोणाला तरी वाटलं असेल, असं जास्त छान दिसतं. उद्या कोणी रात्रीतून तुमच्या घरातलं स्वयंपाकघर आणि मोरी अदलाबदल केली आणि वर सांगितलं की नवीन लुक आवडला का, तर काय कराल? मी त्या दिवशी पुढच्या पेशंटचा खांदा जरा जास्तच जोरात फिरवला. तो बिचारा "मॅडम, मॅडम" करत राहिला.

मग मी कंपनीला लिहिलं. नीट, सभ्यपणे. मला दिसत नाही, तुमच्या बटणांना नावं नाहीत, कृपया द्या.

उत्तर आलं, "आपल्या अडचणीबद्दल क्षमस्व. कृपया अडचण दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा."

मी पुन्हा लिहिलं, मला दिसत नाही. पुन्हा उत्तर आलं, स्क्रीनशॉटशिवाय तक्रार पुढे जाऊ शकत नाही. ठीक आहे! काढला एक, कसा निघाला देव जाणे, पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी निरोप. "आपण पाठवलेला स्क्रीनशॉट आम्हाला नीट दिसत नाही."

मी लिहिलं, "मलाही."

*

दुसरा प्रोग्राम "जत्रा." हे नाव बाबूने ठेवलं, कारण त्यात सारखं काहीतरी वाजत असायचं. सोंगटी मारली की फटाके, शह दिला की ढोल, आणि प्रत्येक डावानंतर कुठल्यातरी रमीची जाहिरात. जाहिरात बंद करायचं बटण एवढंसं, त्यालाही नाव नाही.

पण जत्रेने खरी धुलाई केली ती शाहीनची. तिला बटणांची नावं नकोत, तिला ठळक रंग लागतात. जत्रेत रंगांचे खूप सेट होते. पण फुकटातले सगळे फिक्यावर फिके. पिवळट घर, त्याच्या शेजारी जरा कमी पिवळट घर. स्वच्छ काळा-पांढरा पट कुठे होता? तर पैसे भरून मिळणाऱ्या सेटमध्ये! शाहीन म्हणाली, "म्हणजे चष्मा फुकट, काच विकत!"

पैसे तिने भरले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. तिने शोधून काढलं की लहान मुलांच्या विभागात मोठ्या, गडद सोंगट्या आहेत. राजा म्हणजे सिंह, घोड्याचा घोडाच, प्यादी म्हणजे बदकं. तिला स्पष्ट दिसायला लागलं. खूश झाली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये लेक्चरच्या मधल्या वेळात खेळायला बसली.

नेमक्या त्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम कसल्यातरी तपासणीच्या लोकांना घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. "या आमच्या इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापिका. दृष्टी अधू असूनही..." आणि त्याच क्षणी शाहीनने वजीर मारला.

फोन ओरडला, "शाब्बास रे माझ्या पिल्ला! आता दूध पिऊन ये!"

आम्ही रविवारी हे ऐकून लोळायचे बाकी होतो. शाहीन हसत नव्हती. ती म्हणाली, "सुजाता, यार, पंधरा वर्षं शिकवतेय मी तिथे. ते लोक गेल्यावर मॅडम मला काय म्हणाल्या माहितीये? 'बरं वाटतं ना गं अशाने? खेळत जा.' माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी."



*

तिसरा प्रोग्राम अंधेरीतल्या एका कंपनीचा. दिसायला म्हणे अप्रतिम. सोनेरी किनार, नाजूक अक्षरं, फिकट गुलाबी पट. शाहीनने फोन नाकाला लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही लग्नपत्रिका आहे." तेच नाव पडलं.

लग्नपत्रिकेत बटणांना नावं होती, हे कबूल करते. पण पटावर चाल सांगायची किंवा टाइप करायची सोय नव्हती. सोंगटी शोधायला बोटाने एकेका घरावरून पुढे सरकत जायचं, फोन प्रत्येक घर वाचणार. "फिकट घर, रिकामं. गुलाबी घर, रिकामं. फिकट घर, पांढरं प्यादं." एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत माणसाला जांभई यावी. घड्याळ लावून खेळायचं तर मेलोच!

आम्ही सगळं मांडून सांगितलं. काका बोलले, मी टाइप केलं, शाहीनने इंग्लिश सुधारलं. तिन्हींत कुठला बरा, तर कुठलाच नाही. निवड समोरासमोर पटावर घ्या. ऑनलाइनच हवी असेल तर जिथे चाल टाइप करता येते असा प्रोग्राम आणा, दिसायला कसाही असू दे.

संघटनेचे सेक्रेटरी स्वतः घाटकोपरला आले. दिसणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमचे मुद्दे चांगले आहेत. पण स्पर्धा अंधेरीच्या प्रोग्रामवरच होईल. त्यांची स्पॉन्सरशिप आधीच आलीये."

"मग आमका कित्याक विचारलात?" काका.

सेक्रेटरी जरा गडबडले. मग अगदी मनापासून म्हणाले, "अहो परबसाहेब, पण दिसायला किती सुंदर आहे तो!"

खोलीत आम्ही सगळे होतो.  खाली कोणीतरी डंबेल टाकलं.

*

निवड स्पर्धेची सकाळ. बाबू मढला आपल्या घरी, फोन चार्ज करून बसलेला. आई मासे घेऊन बाजारात गेली होती. जाताना गल्लीत सगळ्यांना सांगून गेली होती की आज माझ्या पोराचा डाव आहे, कोणी मोठ्याने रेडिओ लावायचा नाही.

बाबूने लॉगिन केलं. लग्नपत्रिका म्हणाली, "आपण रोबो नाही हे सिद्ध करा. खालील चित्रांपैकी ज्यात झेब्रा क्रॉसिंग आहे ती निवडा."

अंधांची स्पर्धा! आणि दारातच चित्रं!

आवाज ऐकून सिद्ध करायचीही सोय होती. बाबूने ते दाबलं. खरखर, खरखर, आणि त्यात कोणीतरी बाई परदेशी इंग्लिशमध्ये काहीतरी पुटपुटली. दोनदा चुकलं. तिकडे डाव सुरू व्हायची वेळ झाली. घरात कोणी नाही. बाबू फोन घेऊन बाहेर धावला. शेजारच्या बंगल्यात शूटिंग चालू होतं. वाटेत जो पहिला माणूस धडकला त्याचा दंड पकडला. हाताला जाड कापड लागलं, खांद्यावर पट्टी, कमरेला पट्टा.

"साहेब, एक मिनिट मदत करा!"

तो माणूस घाबरून म्हणाला, "अरे बाबा, मी खरा पोलीस नाहीये. शूटिंगचा आहे."

बाबू म्हणाला, "मी पन खरा रोबो नाय. तुमी फोटो दाबा!"

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

त्या गडबडीत बाबूच्या घड्याळातला बराच वेळ गेला होता. समोरचा खेळाडू नाशिकचा, त्याला शाहीनसारखं थोडं दिसायचं. तो बघून सोंगट्या हलवत होता, बाबू एकेका घरावरून सरपटत होता. तरी बाबूने त्याला गुंडाळला. एका चालीत मात होती. हत्ती एका कोपऱ्यातून सरळ शेवटच्या रांगेत नेऊन ठेवायचा, बस! बाबू निघाला. "फिकट घर, रिकामं. गुलाबी घर, रिकामं. फिकट घर..." आणि वेळ संपली.

मी पेशंटच्या गुडघ्यावर काम करत होते तेव्हा त्याचा फोन आला. "ताई," तो म्हणाला, "मी जिंकलेलो."

 मागून समुद्राचा आवाज येत होता. मी "बाबू, बाबू" करत राहिले.

संघटनेकडे तक्रार केली. उत्तर एका ओळीचं. नियम सगळ्यांना सारखे आहेत. संध्याकाळी बाबूच्या आईने मला फोन केला. तिला कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मोबाईल खराब होता काय गो त्याचा? नवा घेऊन देऊ का? तू सांग कंचा घ्यायचा."

काय सांगणार होते मी तिला? मोबाईल चांगला होता हो मावशी. पोरगाही चांगला होता.

पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून एवढा दंगा केला की निवड पुन्हा पटावर झाली. बाबू गेला, बरा खेळला, येताना आईला साडी आणली. पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

*

बाबू हरला त्याच वर्षी आमची तक्रार फिरत फिरत अंधेरीच्या कंपनीपर्यंत पोचली. त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. "आम्हाला तुमच्याकडून शिकायचंय," असा निरोप. बाबू यायला तयार नव्हता, काकांनी ओढून आणला.

रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "वेलकम! प्लीज या स्क्रीनवर तुमचं नाव टाका, फोटो आपोआप निघेल." नुसती सपाट काच. बोलत नव्हती, काही नाही. शाहीनने त्यावर नाक टेकवून सगळ्यांची नावं भरली. फोटोत म्हणे चारही वेळा तिचं कपाळ आलं.

आत गेलो तर खोलीत नुसता खिदळण्याचा आवाज. कोणी खुर्चीला धडकतंय, कोणी भिंतीला, कोणी "ए, माझा फोटो काढ ना" म्हणतंय. आम्हाला कळेना काय चाललंय. तेवढ्यात मॅनेजर बाई म्हणाल्या, "आमच्या सगळ्या टीमने आज डोळ्यांवर पट्टी बांधलीये! तुमचं जग अनुभवायला! पाच मिनिटांचा उपक्रम आहे."

एक मुलगा आमच्याजवळ चाचपडत आला. पट्टी काढली असावी, कारण शेवटची पावलं एकदम सरळ पडली. "ओ गॉड! किती कठीण आहे! मी तर पाच मिनिटांतच रडकुंडीला आलो. सलाम आहे तुम्हाला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच बहुतेक.

टाळ्या थांबल्यावर बाबू बोलला. निवडीनंतर पहिल्यांदाच चारचौघांत तोंड उघडलं त्याने. "चांगला हाय तुमचा खेल," तो म्हणाला. "आता पाच मिन्टं आमची पन पट्टी काडा."

कोणीतरी खोकलं. मॅनेजर बाई म्हणाल्या, "समोसे आलेत."

*

शेवटचा किस्सा त्याच कंपनीचा. त्या भेटीनंतर त्यांनी म्हणे लग्नपत्रिकेत सुधारणा केली, आता ती चाली बोलून दाखवते. त्याचा मोठा कार्यक्रम ठेवला, अंधेरीतच एका हॉलमध्ये. कंपनीचे मुख्य साहेब स्वतः परबकाकांशी डाव खेळणार! साहेब रोज खेळतात, चांगले खेळतात, असं सगळे सांगत होते. आम्हाला वाटलं काका नकार देणार. काका म्हणाले, "जातंय. कडक इस्त्रीचो शर्ट काढतंय."

स्टेजवर काकांसमोर त्यांचा नेहमीचा भोकांचा पट, पांढरी बाजू साहेबांची. साहेबांसमोर टीव्हीएवढी मोठी काच, त्यावर लग्नपत्रिका. साहेब बोटाने खेळणार, काच चाल बोलणार, काका ऐकून आपली चाल सांगणार. मी, शाहीन आणि बाबू पहिल्या रांगेत.

डाव सुरू झाला आणि काचेचा आवाज हॉलच्या स्पीकरमध्ये असा घुमला की एक अक्षर कळेना. शिट्ट्या, किंचाळ्या. शेवटी सूत्रसंचालन करणारी मुलगी हसत म्हणाली, "चला, आपण हा आवाज बंद करूया. साहेब स्वतःच आपली चाल सांगतील, तेवढीच आपुलकी!"

टाळ्या.

साहेब म्हणाले, "ओके. हे प्यादं, दोन घरं पुढे."

"खयचा?" काका.

"मधलं."

"मधली दोन असतात."

"राजापुढचं."

"हां. समजला." काकांनी आपल्या पटावर ते प्यादं हलवलं आणि आपली चाल सांगितली, घराच्या नावानिशी. मुलीने ती शोधत शोधत काचेवर केली.

चार-पाच चाली अशाच अडखळत गेल्या. मग पट भरला, सोंगट्या एकमेकांत घुसल्या. साहेबांनी एक चाल केली. बोट काचेवर आपटल्याचं मला ऐकू आलं.

"घोडा इकडे घेतला," साहेब म्हणाले.

"दोन घोडे आसत साहेब. खयचो?"

"हा. हा इकडचा."

"इकडचो म्हणजे?"

"म्हणजे... हा बघा, इथून इथे. याच्या बाजूला."

"कोणाच्या बाजूक?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काका शांत होते. इतके शांत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "घराचं नाव सांगा फक्त. एक अक्षर, एक आकडा."

साहेब काचेकडे बघत असावेत.  मग ती सूत्रसंचालन करणारी मुलगी हळूच म्हणाली, पण माइक चालूच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "सर, कडेची ती अक्षरं आणि आकडे आपण काढून टाकले होते ना. क्लीन लुकसाठी. तुम्हीच म्हणाला होतात."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग थांबलं. साहेब घसा खाकरत म्हणाले, "मी मोजतो. एक मिनिट. ए, बी, सी... इकडून मोजायचं की तिकडून?"



काकांनी आपल्या समोरचा माइक जवळ ओढला. "सुजाता," ते म्हणाले, "वर ये गो. साहेबांका जरा हात धरून दाखव."

मी काठी उघडली. पायऱ्या चाचपल्या, वर गेले. साहेबांचा आवाज जिथून आला होता तिथे हात पुढे केला आणि त्यांचं मनगट धरलं. घामाने ओलं झालं होतं. काकांच्या पटावर, पांढऱ्याच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकावर मी त्यांचं पहिलं बोट टेकवलं.

"हा ए," मी म्हटलं. "सावकाश. घाई नाहीये."